दहा पेशी

आमच्या खोऱ्यात ह्या किड्याला न्हावी म्हणतात.
रात्री मातीच्या भिंतीतून उतरतो,
झोपलेल्याच्या गालाशी, पापणीशी वस्तरा लावतो
आणि मोबदला पोटात घेऊन निघून जातो.
बाबांचं हृदय त्यानंच मोठं केलं.
मोठ्या मनाचा माणूस, असं गाव आधीपासूनच म्हणायचं.
बेलो ऑरिझाँतेच्या डॉक्टरनं एक्स-रे उजेडासमोर धरला
तेव्हा कळलं,
ते अक्षरशः खरं होतं.

आता मी त्याच्या माद्या सांभाळते.
अठ्ठावीस अंश, दमट खोली, काचेच्या बरण्या, तोंडाला जाळी,
आत चढायला घडी घातलेला कागद.
एकेचाळीस नंबरला नर भेटून सव्वीस दिवस झालेत.
रक्त अजून दिलेलं नाही.
चपटी, वाळल्या पानासारखी,
उजेडाकडे पाठ करून बसलेली.
अंडं एकही नाही.

वाल्देसीबाई शिकवतात तेव्हा नखानं टेबलावर टकटक करतात:
हिच्या मेंदूत, बघ, दहा पेशी. मोजून दहा.
रस साठवून बसल्यात.
सात-आठ मण्यांची एकेक माळ,
इतकी आखूड की तिला निरोप म्हणावं की नुसता खाकरणं, ठरवता येत नाही.
ती रक्तात सुटली की अंडनलिका आवळते,
आणि अंडं बाहेर.
पण सुटत नाही उगीच.
आधी पोट ताणलं जायला हवं, म्हणजे जेवण झालं.
नराचं बीज पिशवीत पोचायला हवं,
म्हणजे कुणीतरी येऊन गेलं.
दोन्हीकडून होकार आला तरच दहाजणी तोंड उघडतात.
आणि तरीही शेजारी दुसऱ्या माळा असतातच,
थांब म्हणणाऱ्या.

मग टकटक थांबते. बाई चष्मा पुसतात.
पूर्वी कुणीतरी मुंडकी छाटून पाहिलं होतं म्हणे.
बिनडोक मादी महिनोन्‌महिने जगायची.
फक्त विचारायला कुणी उरायचं नाही.

मला तेव्हा उगीच आमचं अंगण आठवलं.
आम्ही नऊ. सात वाढलेले, दोन चिंचेखाली.
माझ्या पाठची झाली त्या साली
नदीच्या पात्रातून लोक गाढवं हाकत नेत, खुरं कोरडी ठेवून.
घरात कसाव्याचं पीठ होतं, तेही तळाशी.
दोर्वालिनाच्या, म्हणजे आईच्या, पोटाला
कुणीच काही विचारलं नव्हतं.
पाद्र्यानं नाही, बाबांनी नाही,
मोठ्या मनाच्या माणसानं नाही.

मंगळवारी एकेचाळीसला जेवू घातलं.
पातळ पडद्याखाली सशाचं कोमट रक्त.
सोंड टेकवली आणि वीस मिनिटं हललीच नाही.
उतरली ती द्राक्षासारखी,
पाय जमिनीला नीट पुरेनात, स्वतःलाच ओढत कागदाच्या घडीत शिरली.
मी बरणीवर वेळ लिहिली.
बुधवार, गुरुवार, काही नाही.
शनिवारी पगाराची रांग होती.
रविवारी मी आले नाही.

सोमवारी कागदावर एक.
मोतिया, किंचित गुलाबी, डोक्यावर नीट बसवलेलं टोपण,
आतल्यानं उचलून बाहेर यावं असं.
मी चिमटा खाली ठेवला.
राग यायला हवा होता. ह्यातलाच कुणी बाबांच्या गालावर उतरला होता.
आला नाही.
वहीत एकेचाळीसपुढे १ लिहिला,
तो जरा वाकडा आला.

संध्याकाळी फोन वाजला, रोजच्यासारखा, सहा वाजून दहा मिनिटांनी.
आई आता बहिरी झालीये, म्हणून तीच ओरडते:
इरासेमा, जेवलीस का?
हो, म्हटलं. भात, काळा घेवडा.
मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, जणू शेजारी ऐकतील:
आणि कुणी भेटलं का?

मी छत्तीस वर्षांची आहे.
खोलीत चारशे बरण्या आहेत, प्रत्येकीत एकेक वाट बघणारी.
आई, म्हटलं,
घेवड्यात आज मीठ जास्त झालं होतं.