होडीच्या जागी

एकोणीस वर्षं होडी उभी होती तिथे,
ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून.
ती गेल्यावर दिसली
तिच्याएवढीच लांब, तिच्याएवढीच रुंद जमीन:
तेल प्यायलेली, टाचेच्या कातडीसारखी निबर,
आणि मधोमध एक गंजलेला गळ.

रिव्हर्टनला वसंत सप्टेंबरात येतो,
तोही दक्षिणेच्या वाऱ्याला विचारून.
शेजारचा मर्व्हिन कुंपणावरून म्हणाला,
'वीतभर खण, नायरी. तेलकट माती ठेवू नकोस.'
काढली. सतरा ढकलगाड्या.
नवी आणली, दंताळ्याने विंचरली,
भांग काही सरळ पडेना.
मग बी. अर्धं समुद्राकडून घराकडे,
अर्धं आडवं, कुंपणाकडून कुंपणाकडे.
जिऱ्यासारखं, मुठीत न थांबणारं.

चिमण्यांना तासाभरात पत्ता लागला.
मी चिप्सच्या पाकिटांच्या चंदेरी पट्ट्या दोरीला बांधल्या.
त्या आधी दचकल्या. मग सरावल्या.

पाणी झारीने, बारीक भोकांच्या.
जोरात ओतलं की बी वाहत जातं
आणि कोपऱ्यात गोळा होतं,
लग्नघरातल्या अनोळखी पाहुण्यांसारखं.
सकाळी एकदा, दुपारी एकदा.
चार वाजता नेव्हिलकडे.

तो वृद्धाश्रमाच्या खिडकीशी बसतो.
कस्टर्ड, अर्धा चमचा.
थांबायचं. गिळलं का बघायचं. मग पुढचा.
रोज विचारतो, 'मॉलीमॉकवर ताडपत्री आहे ना?'
'आहे.'
'दोऱ्या?'
'घट्ट.'
संसारात मी खोटं बोलले नाही असं नाही,
पण इतकं थोडक्यात कधी जमलं नव्हतं.

नवव्या दिवशी रेवी आला, होडी घेणारा.
हातात पत्र्याचा डबा, होडीच्या कप्प्यात सापडलेला:
शिशाचे गोळे, नायलॉनचा गुंता,
माझ्या अक्षरातली भरतीच्या वेळांची चिठ्ठी.
फाटक उघडून तो नाकासमोर चालत आला,
गमबूट घालून, ओल्या मातीतून.
मी स्वयंपाकघरातून ओरडले, 'कडेने! अरे, कडेने!'
तो मधोमध थांबला, खाली बघून लाजला,
आणि उरलेली सहा पावलं चवड्यांवर आला.
काय करणार. चहा टाकला.

सोळाव्या दिवशी उगवलं.
सगळीकडे नाही. फक्त पावलांमध्ये.
जिथे बूट दाबले, तिथे बी मातीला भिडलं होतं.
आधी टाचा आणि चवडे, मग नुसते चवडे,
बाजूला सगळं अजून उघडं.
फाटकापासून दारापर्यंत
कुणीतरी हिरवं चालत आलेलं.
मर्व्हिन बराच वेळ बघत राहिला.
'रोलर फिरवायचा राहिला तुझा,' म्हणाला.
'माझ्याकडे आहे की. मागायचास.'

बाकीचं आलं उशिरा, विरळ,
जावळासारखं, फुंकर घातली तर हलणारं.
सहाव्या आठवड्यात खत दिलं,
पिशवीवर छापलंय त्याच्या निम्मं.
कोवळ्या मुळांना भरपेट सोसत नाही, जळतात.
मोजून टाकलं, वरून पाणी शिंपडलं,
आणि गुडघ्यांवर हात ठेवून उगाच वाकून राहिले,
गिळलं का बघत.

पहिल्या कापणीला फक्त शेंडे घेतले.
उन्हं तिरपी झाली की पावलं अजून ओळखू येतात,
जरा गडद.

काल नेव्हिलला म्हटलं, 'ताडपत्री काढली.'
'का गं?'
'हवा चांगली होती.'
तो बाहेर बघत राहिला, जिथे
पार्किंगपलीकडे काही दिसत नाही.
मग त्याने तोंड उघडलं.
मी चमचा भरला. अर्धा.