काड्या

आमच्या घरात रेंज काड्यांत मोजतात.
न्हाणीघराच्या खिडकीशी एक,
जिन्याच्या चौथ्या पायरीवर कधीमधी दीड.
दीड काडी नसतेच, असं मुलगा म्हणतो,
पण तो राहतो ओहायोत, त्याला काय ठाऊक.
चार हव्या असतील तर गाडी काढायची
आणि मेथडिस्टांच्या दफनभूमीपाशी लावायची.
तिथं रेंज फुल्ल,
आणि राहणाऱ्यांना तिचा काडीचा उपयोग नाही.

मेरीलँडचा हा पूर्वकिनारा:
मका, सोयाबीन, कोंबड्यांच्या लांबच लांब शेड, मग खाडी.
ना धड खेडं, ना धड शहर.
कंपनीच्या नकाशात आम्ही गडद गुलाबी आहोत,
गुलाबी म्हणजे उत्तम.
नकाशाला न्हाणीघर दिसत नाही.

शेजारची लोर्ना व्हील्टन, वय एक्क्याऐंशी,
गळ्यात बटण घालते. पडली तर दाबायचं.
फेब्रुवारीत तिला पत्र आलं:
जुनं नेटवर्क बंद होतंय, बटण चालणार नाही,
उन्हाळ्यात टॉवर नवा होईल, मग चालेल.
गैरसोयीबद्दल क्षमस्व.

मे महिन्यात ट्रक आला.
टेरेल पर्नेल चढला,
हेल्मेटवर लेकीनं चिकटवलेला बेडूक,
आणि अर्ध्यातूनच उतरला.
वर ऑस्प्रेचं घरटं. मासे मारणारी घार ती,
तिनं बेडकावर दोनदा झेप घेतली होती.
तीन अंडी आहेत, टेरेल म्हणाला,
पिल्लं उडेस्तोवर हात लावायचा नाही, कायदा आहे.
ट्रक गेला.

फायर हॉलमध्ये सभा झाली.
पातळ कॉफी, कुणीतरी केलेला पीचचा केक.
एकानं बंदुकीचं नाव काढलं आणि स्वतःच हसला,
दुसरं कुणी हसलं नाही.
मग लोर्ना उठली, बटण चिमटीत धरून म्हणाली,
ठीक आहे, मी पडायची ऑगस्टपर्यंत थांबते.

तेव्हापासून आमचं ठरलं:
सकाळी साडेसातला तिच्या स्वयंपाकघराचा पडदा वर गेला
की बाई उभी आहे.
मी चहाचा कप घेऊन बघायची,
मग गिरणीत जायची, कोंबडीखाद्याचे हिशेब करायला.
जुलैत एकदा पडदा गेला नाही वर.
मी सपाता घालून धावले, कुंपणात ओढणी अडकली.
ती ओट्याशी उभी, कानाला रेडिओ,
रात्री हरलेल्या बेसबॉलची कारणं ऐकत.
माझ्याकडे बघून म्हणाली, अगं, काय झालं तुला?

सप्टेंबरात टेरेलनं घरटं उतरवलं.
दोन ढकलगाड्या भरून काड्या,
मक्याची ताटं, कोळ्याच्या जाळ्याचा दोर,
एका बाहुलीचा हात.
शेजारी लाकडी खांब रोवून सगळं त्यावर रचलं, नीट,
एखाद्या सुनेनं रचावं तसं.
मग नवे पांढरे अँटेना चढले.

आता न्हाणीघरात चार काड्या. जिन्यावर चार.
मुलाचा आवाज स्वच्छ येतो:
आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो.
लोर्नाचं बटण चालतं.
पडदा तरीही साडेसातला वर जातो,
त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नाही.

मार्चमध्ये ती आली,
ब्राझीलहून की कुठून, कुणाला रस्ता न विचारता.
खांबावर बसली. रचलेलं घर बघितलं.
त्यावर शिटली,
आणि उडून गेली वर, पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे.
पहिली काडी घसरली, माझ्या गाडीच्या टपावर पडली.
दुसरी वाऱ्यानं नेली.

कुंपणावर पाटी आहे:
पक्षी आढळल्यास या क्रमांकावर त्वरित कळवा.
माझ्या हातात फोन होता, रेंज फुल्ल.
पण काड्या करायचा माझा स्वभाव नाही.
फोन पर्समध्ये टाकला.

वर तिसरी टिकली.