शिक्का

सतरा दिवस खिंड बंद.
पलीकडे झुगदिदीच्या इस्पितळात माझा बेखान,
अलीकडे मी, आणि अर्धं पोतं पीठ,
ईस्टरच्या प्रभुभोजनासाठी जपलेलं.

फादर येणार नव्हते. फोन मुका.
चर्चच्या भिंतीवरच्या
धुरकटलेल्या देवदूताला विचारलं,
रस्ता नेमका आत्ताच का?
त्याचा अर्धा चेहरा कधीच गळून पडलाय.
उरलेल्या अर्ध्यानं तो गप्प राहिला.

रात्री दार वाजलं.
बर्फात अडकलेल्या ट्रकांचे सहा ड्रायव्हर,
एकाच्या बोटांची टोकं काळीनिळी,
एक तर आमच्या धर्माचाही नाही.
तोच म्हणाला, "आजी, भाकर असेल?"

होती.
क्रुसाचा लाकडी शिक्का शोधला,
सासूच्या सासूचा, कडा झिजलेला,
आणि एकेका गोळ्यावर दाबला.
प्रसाद म्हणून की पोटासाठी,
माझं मलाच ठरवता येईना.

पीठ संपलंच. बाराव्या दिवशी.
मडक्यात काही आपोआप वाढलं नाही.
मग त्या परधर्माच्यानं
मालकाला न विचारता ट्रकचं सील तोडलं:
मक्याच्या पिठाची पोतीच पोती,
चारही वाड्यांना पुरून उरतील एवढी.

बेखानचं अजून कळलेलं नाही.
रस्ता कुणी बंद केला, तेही.
आज मक्याच्या गोळ्यावर शिक्का दाबला.
हे पीठ ठसा धरत नाही,
क्रूस उमटता उमटता भेगाळतो.
तरी भाजायला ठेवलाय.

खिंडीत फावडी वाजताहेत,
की माझ्याच कानांत.