बुधवारचा शुक्रवार

मे महिना, बुधवार, दुपारचे अडीच.
अजनीच्या क्वार्टरात खिडक्यांना काळे कागद चिकटवून
आम्ही संध्याकाळ केली.
कूलर बंद, आवाज येतो म्हणून.
मी थर्माकोल धरून उभा.

दिग्दर्शक म्हणाला, मावशी, समजा शुक्रवार आहे.
दिवा लावा.

सिमहामावशी वाकरूलकर, मेयोतली निवृत्त सिस्टर,
पदर डोक्यावर घेऊन पुढं आली.
काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल, वात.
काडी ओढली. तळवे डोळ्यांवर नेले.
ओठ हलले नाहीत.

कट. मावशी, प्रार्थना?
"ते शुक्रवारी."
पण फिल्ममध्ये शुक्रवारच आहे ना!
"फिल्ममधे असन बाबा.
माह्या घरात बुधवार आहे."

मग चहा झाला. कॅमेरा बंद असताना सांगू लागली:
आमचे हे बर्डीवर टॉकीजमधे ऑपरेटर.
नवा पिक्चर लागायचा शुक्रवारीच.
मी इकडं वात लावली का
ते तिकडं कार्बनच्या काड्या पेटवत.
दोन पोरं, चौतीस वर्षं,
अन् एका दिव्यापाशी आम्ही दोघं,
बोटावर मोजण्याइतके शुक्रवार.
टॉकीज जळाली तेव्हा चार, बस.

पिक्चर दाखवला सदरला. शुक्रवारी. सहा वाजता.
पहिल्या रांगेत तिच्या नावाची खुर्ची रिकामी.
पडद्यावर मावशी, मिटलेले ओठ,
आणि स्टुडिओतली कुणी बाई
तिच्या वतीनं हिब्रू म्हणत होती, अगदी सुरेख.
लोक गहिवरले.

वातीच्या मागं, नीट पाहिलं तर,
माझा अंगठा दिसतो.