केस संपताना

उद्यमबागेत, फौंड्रीच्या वरच्या मजल्यावर
आमचं चार टेबलांचं ऑफिस.
खाली साच्यात लोखंड ओततात तेव्हा
चहाच्या कपाला थरथर येते.

काम साधं होतं:
डेअरीच्या काट्याला जोडायची पावतीची स्क्रिप्ट.
दूध घालणाऱ्याची भाषा बघायची, स्विच करायचं.
केस मराठी. केस कन्नड.
डिफॉल्टला इंग्रजी, जी कुणी वाचत नाही.

मराठीच्या केसखाली मी ब्रेक विसरलो.
तीन दिवस हलग्यापासून मुतग्यापर्यंत
ज्यांनी मराठी मागितली
त्यांना मराठी मिळाली आणि तिच्याखाली कन्नड,
लिटर तेच, फॅट तोच, पैसे तेवढेच,
हातभर लांब पावती.

तक्रार एकच आली, सांबऱ्याहून:
"कागद लई जाऊलाय ओ."

माझा कोड शैलजा हुक्केरी तपासते.
म्हणाली, मुद्दाम सोडलं असशील तर
शेजारी टिप्पणी लिही, खाली वाहू दिलंय म्हणून.
मुद्दाम नव्हतं, मी म्हटलं.
"मग चूक आहे."

दुपार त्यातच गेली.
ब्रेक केसच्या रांगेत, की चार जागा आत?
रिटर्न असेल तर त्याच्याखाली पुन्हा ब्रेक कशाला?
ती म्हणे, असू दे, हाताला सवय राहते.
मी म्हणे, जिथं कधीच कुणी पोचत नाही
ती ओळ म्हणजे
गाडी निघून गेल्यावर खाली येणारं तिसरं गेट.
"तिथं थांबून बघ एकदा," ती म्हणाली,
"गाडी नसताना पण बंदच असतंय."

सहाला तिनं डबा पिशवीत घातला.
दारातून, "बर्तीनि."
मी मान वर न करता, "ये."
निघताना येते म्हणायचं.
आमच्या घरीही तेच: चुकून जातो म्हटलं
की आई चप्पल काढून परत बसायला लावते.

त्या रात्री सगळे ब्रेक काढले.
प्रत्येक केस रिटर्ननं संपवली,
खाली काही ठेवलं नाही.

आठवड्यानं सांबऱ्याचे लुमाण्णा फोनवर:
"खालचं कन्नड कुठं गेलं ओ?
सून गोकाकची. हिशेब तीच बघते."

आता मराठीच्या खाली एक केस आहे: दोन्ही.
ती मराठी छापते, रिटर्न करत नाही,
कन्नडमध्ये उतरते.
शेजारी टिप्पणी, एकच शब्द: मुद्दाम.

शैलजानं ती वाचली.
दोन जागा आत सरकवली, बस्स.