माशी

नळीच्या टोकाला बारीक पितळी मणी असतो,
आमच्या धंद्यात त्याला माशी म्हणतात.
दहीपुलाच्या उतारावरचं दुकान, वडिलांच्या नावाचं,
गिऱ्हाईक महिन्याला दोन, फार तर तीन.
समोरचा चिवडेवाला रोज विचारतो,
"काय ताई, माश्या मारताय का?"
बसवतेय, म्हणते मी.

निंबाजी खैरनार सोमवारी आले,
बारा बोअरची दुनळी गोधडीच्या खोळीत,
परवाना प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी खिशात.
सहकारी बँकेच्या दारात सव्वीस वर्षं.
"माशी उडाली," म्हणाले,
आणि खरंच उडाल्यासारखं छताकडे पाहिलं.

कुठे उडाली, ठाऊक नाही.
निवडणुकीत बंदूक चौकीत जमा होती.
परत घेताना पावतीवर नंबर जुळला, पट्टा जुळला,
माशी कोण मोजतं?

वरचा मणी गेलेला, पाय मात्र पट्टीतच मोडून बसलेला.
रात्रभर रॉकेलचा थेंब ठेवला.
सकाळी इतका गारठा की बोटं माझी वाटेनात.
नळ्या नमद्यात गुंडाळून व्हाइसमध्ये धरल्या,
ड्रिल हातानेच फिरवलं, विजेवर नाही.
वडील सांगायचे, पट्टी पातळ असते,
वाकडी गेलीस तर नळीचं नाक टोचशील,
आणि नथ कुणी घालणार नाही.

पाय निघाला. तांदळाच्या कणीएवढा.
आटे मात्र माझ्या एकाही टॅपला जुळेनात.
साहेबाच्या देशातला तो कारखाना कधीच बंद पडला,
त्याच्या मापाचा हट्ट तेवढा इथे राहिला.
मग नवे आटे पाडले, एक माप वरचे,
अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे,
कीस फुंकत, श्वास धरत.

पितळ आणलं तांबट आळीतून.
दामूअण्णांनी समईचा मोडका दांडा दिला.
पैसे विचारले तर म्हणाले,
"एवढ्याशाला तराजू लाजेल."

लेथवर मणी गोल व्हायला लागला तेव्हा विचारलं,
"बारीक करू की ठसठशीत?
नेम धरताना कशी बरी पडते तुम्हाला?"

खैरनार बराच वेळ बोलले नाहीत.
मग म्हणाले, "नेम कधी धरलाच नाही.
सव्वीस वर्षांत एक काडतूस नाही उडालं."
बंदूक उभी, दस्ता पायाशी,
आणि अंगठा वर, माशीवर.
पेन्शनवाल्यांची रांग, दुपारचा चहा,
कॅशियरबाईंच्या मुलीच्या लग्नाचे पेढे,
बँक बुडणार म्हणून लोक दारावर धडकले ती सकाळ,
सगळं त्या अंगठ्याखालून गेलं.
जुनी माशी एका अंगाने सपाट झाली होती म्हणे.

नेमच होता तो.
धरायचा नव्हे, पाळायचा.

मापाच्या चिठ्ठीवर काट मारली.
मणी जरा मोठा ठेवला, डोळ्यासाठी नाही.
पायाची लांबी दोनदा घासली,
नळ्यांतून खिडकीकडे पाहिलं,
दोन्हीकडे स्वच्छ गोल उजेड, मध्ये काही नाही.
चिमट्याला कातडं लावून शेवटचा फेरा दिला,
मग पॉलिशची चिंधी, बराच वेळ.

त्यांनी बंदूक खांद्याला लावलीच नाही.
दस्ता फरशीवर टेकवला,
अंगठा वर ठेवला,
आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले,
माझ्या दुकानाच्या, जिथे कुणी येत नव्हतं.

"गरम लागतेय," म्हणाले.
"होईल गार," मी म्हणाले.