कूलर बंद

चिठ्ठीत तीनच ओळी होत्या.
दुसऱ्या रचनेआधी चारही कूलर बंद.
अठरा मिनिटं.
मी हात वर केला की चालू.
खाली सही, नी. गजभिये.

बाहेर चव्वेचाळीस. सदरच्या डांबराला
संध्याकाळी सातलाही चप्पल चिकटत होती.
मी म्हटलं, ताई, लोकं उठून जातील.
म्हणाली, जाऊ द्या,
उठण्याचा आवाजही चालेल.

मग एकेक बटण. पंखे थांबायला वेळ घेतात,
शेवटच्या फेऱ्यांत पाती मोजता येतात.
वाळ्याचा वास तेवढा खुर्च्यांवर बसून राहिला.

सहा जण अर्धगोलात. दोन व्हायोलिन,
त्यांच्याहून जराशी मोठी, घोगऱ्या गळ्याची व्हायोला,
एक चेलो. अजनीच्या रेल्वे क्वार्टरातला डेन्झिल,
त्याच्या वाद्याचं नाव बसून.
तालमीला मी हसलो होतो. वाजवतोही बसूनच.
आणि गड्डीगोदामचे शब्बीर मास्तर,
तीस लग्नसराया वरातीपुढे चालत
क्लॅरिनेट फुंकलेला माणूस,
आज बूट चमकवून खुर्चीवर.

सुरुवातीला सूरच नाही.
मास्तर नळीतून नुसती हवा सोडतात,
गज तारेवर टेकतो, घासतो, वाजत नाही.
तिसऱ्या रांगेतून कुजबुज,
अजून जुळवूनच राहिले का बे?

मग चेलोनं खालचा एक सूर धरला
आणि सोडलाच नाही.
मला तो ओळखू आला.
खिडकीकडच्या कूलरचा,
ज्याचं बेअरिंग बदलीन म्हणता म्हणता
दोन उन्हाळे गेले.
व्हायोलाच्या तारेवर बोटं टिपटिप,
जाळीतून टाकीत पडणारं पाणी.
बसून मधेच खाकरला.
पाणी तळाला गेलं की पंप असाच ओढतो.

मार्चात ही पोरगी रिकाम्या हॉलात
दुपारभर त्या कूलरपुढे बसली होती, मांडीवर कागद.
मला वाटलं, गारव्याला आली असेल.

बाराव्या मिनिटाला सगळे थांबले.
एक काका टाळ्या वाजवून मोकळे झाले,
मग आपल्याच हातांकडे बघत राहिले.
कानामागून घाम कॉलरपर्यंत उतरला.
त्या थांबण्यात मास्तरांचा एकच सूर,
इतका बारीक, की कधी सुरू झाला
ते मला विचारू नका.
बुटाच्या आत त्यांचा अंगठा मात्र
वरातीचा ठेका धरून होता,
चामडं हलताना मी पाहिलं.

नंतर चहाला म्हणाले,
तीस वर्षं जोरात वाजवायचे पैसे घेतले.
हळू वाजवायचे आज पहिल्यांदा.
किती, ते सांगितलं नाही.

तिचा हात कधी वर गेला, मला कळलंच नाही.
लोक वळून माझ्याकडे बघायला लागले.
उठलो. आधी पंप.
जाळी भिजेपर्यंत थांबावं लागतं,
मग पंखा.
खिडकीकडचा गुरगुरला,
त्याच सुरात, की थोडा उतरलेला?
टाळ्यांत ती मान तिरपी करून
तिकडेच ऐकत होती.
बेअरिंगचं तिला विचारून बघीन.